आल्याचं विरजण

लाँड्रीच्या काउंटरवर उभ्या राहणाऱ्या बाईला सगळे ताई म्हणत. मालकीणबाई म्हणत, गिऱ्हाइकं म्हणत, तिच्याहून वयाने चांगले मोठे असलेले इस्त्रीवाले काकाही म्हणत. खरं तर ती एकाचीच ताई होती. तिच्या पाठचा भाऊ बारक्या. लहानपणी अगदी काडी होता म्हणून हे नाव पडलं. पुढे तो आडवातिडवा वाढला, दारातून वाकून आत यायला लागला, तरी नाव काही बदललं नाही. त्याच्या हाताखालची माणसंसुद्धा त्याला बारक्याभाऊ म्हणत.

बारक्या लिफ्ट मेकॅनिक होता. उंच इमारतींच्या माथ्यावरच्या मशिनरूममध्ये त्याचं काम. दोर तपासायचे, ब्रेक बघायचा, कधी पट्टा बांधून खाली शाफ्टमध्ये उतरायचं. माणसांचा जीव हातात असतो असं काम. आणि याच माणसाने मधली काही वर्षं दारूपायी घालवली होती. नोकरी गेली, बायको मुलीला घेऊन आईकडे निघून गेली, शेजारी दार लावून घ्यायला लागले. त्या दिवसांत त्याचे कपडे ताईच गोळा करून लाँड्रीत आणायची. इतर कपड्यांत मिसळू नयेत म्हणून वेगळे भिजवायची. कॉलरला, बाह्यांना, खिशाच्या शिवणीला तो वास बसलेला असायचा. तो गोडसर, आंबूस, घशात अडकणारा वास तिला झोपेतही ओळखू आला असता.

पुढे बारक्याने दारू सोडली. आपणहून सोडली. आठवड्यातून दोनदा एका हॉलमध्ये जाऊन बसायला लागला. तिथे त्याच्यासारखीच माणसं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर गोल करून बसत आणि एकमेकांना खरं काय ते सांगत. हळूहळू काम परत मिळालं, बायको परत आली. नातेवाइकांत कुणी म्हणालं, "बारक्याला ताईने वर काढला हो," तर ताई नाही म्हणत नसे. हो पण म्हणत नसे. समोरच्याच्या ताटात आणखी काहीतरी वाढायची.

एकदा तिच्याच घरी सगळे जेवायला जमले होते. तिचा दीर आणि आणखी एकदोघं ग्लास घेऊन गॅलरीत बसले होते. बारक्याच्या हातात मुलांसाठी केलेलं संत्र्याचं सरबत. तो स्वयंपाकघरात आला आणि हसत म्हणाला, "ताई, किती दिवस बसवणार गं मला पोरांच्या पंगतीत? घशाला जरा जाणवेल असं काही प्यायला नसतंच का जगात?"

तो सहज म्हणाला होता. तिच्या मात्र ते मनाला लागून राहिलं. दुसऱ्या दिवशी तिने ताजं आलं आणलं, किसलं, साखर घालून उकळलं, गाळलं, वर लिंबू पिळलं. तो पाक बाटलीत भरून ठेवला. बारक्या आला तेव्हा ग्लासात दोन बोटं पाक घेऊन वर थंड सोडा ओतला. त्याने मोठा घोट घेतला, त्याला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं.

"अगं, काय घातलंयस यात!"

"आलं. आणखी काय घालणार?"

"हे बरंय," तो डोळे पुसत म्हणाला. "हे पिताना आपण मोठे आहोत असं वाटतं."

त्यानंतर तो आला की आधी फ्रिज उघडून बघायचा. भावाला एवढ्याशा गोष्टीने एवढा आनंद होतो याचं ताईला फार अप्रूप. आणि ती काही एवढ्यावर थांबणारी बाई नव्हती. चांगलं झालेलं तिला आणखी चांगलं करावंसं वाटे.

लाँड्रीत एका हॉटेलच्या आचाऱ्याचे पांढरे कोट यायचे. बोलका माणूस. ताईने एकदा त्याला आल्याच्या पाकाचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ते ठीक आहे हो, पण ते म्हणजे आल्याचं पाणी आणि दुकानातला सोडा. खरं जिंजर एल, ते आल्याचं इंग्रजी पेय, स्वतःच फसफसतं. त्याचं विरजण लावावं लागतं."

"विरजण? दह्यासारखं?"

"तसंच. आलं सालासकट किसायचं, साखर, पाणी, बरणीत घालून वर फडकं बांधायचं. रोज थोडं आलं, थोडी साखर. आठवड्याभरात बुडबुडे यायला लागतात. मग ते गाळून आल्याच्या गार केलेल्या काढ्यात घालायचं आणि बाटल्या बंद करायच्या. दोनतीन दिवस बाहेर, की फ्रिजमध्ये. जास्त ठेवू नका बरं का, नाहीतर जिंजर एल पिऊन घरातली माणसं गायला लागतील."

तो हसला, तीही हसली. कोट हँगरला लावून तिने प्लॅस्टिकचं कव्हर चढवलं आणि पावती त्याच्या हातात दिली.

ताईने बरणी लावली. सकाळी कामावर निघण्याआधी ती आलं किसून घालायची, चमच्याने ढवळायची, बरणी कानाशी धरून ऐकायची. नवरा म्हणायचा, "बाळ झोपलंय का उठलंय?" एका सकाळी बरणीतून खरंच बारीक चरचर ऐकू आली. तिला इतका आनंद झाला की तिने दाढी करत असलेल्या नवऱ्याला बाहेर बोलावून त्याच्या साबण लागलेल्या कानाला बरणी लावली.

पहिली खेप मात्र फुसकी निघाली. बाटली उघडली तर नुसतं "फुस" झालं. चव बरी होती, पण आल्याच्या सरबताहून वेगळं काही नाही. दीर म्हणाला, "वहिनी, तुमची तोफ ओली झाली." सगळे हसले. ताईही हसली, पण पुढच्या वेळी दाखवतेच, असं तिने मनाशी ठरवलं.

ती पुढची वेळ लवकरच आली. बारक्याला कंपनीने एका तुकडीचा प्रमुख केला. इतक्या वर्षांनी त्याच्या हाताखाली परत माणसं दिली, सहीचा अधिकार दिला. ताईने ठरवलं, रविवारी सगळ्यांना आपल्या घरी जेवायला बोलवायचं आणि ग्लासात फक्त जिंजर एल. दारूची बाटली घरात आणायचीच नाही. दिराला तसं बजावून सांगितलं. शेजारच्या नर्सबाईंना सांगितलं, लाँड्रीत सांगितलं, फोनवर दोन चुलतबहिणींना सांगितलं. या खेपेला तिने साखर जवळजवळ दुप्पट घातली. घरात गारठा होता म्हणून बाटल्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत, बॉयलरशेजारच्या फळीवर नेऊन ठेवल्या. तिथे दिवसभर ऊब असायची. इस्त्रीवाले काका येता-जाता बाटल्यांकडे संशयाने बघायचे आणि म्हणायचे, "ताई, हे फुटलं तर मी इथे नव्हतो."

मग बारक्याच्या मुलीला ताप आला आणि जेवण पुढच्या रविवारवर गेलं. बाटल्या तिथेच राहिल्या. घरी आणून फ्रिजमध्ये ठेवाव्यात, असं एकदा तिच्या मनात आलं. पण मग वाटलं, राहू देत, आणखी फेस धरतील.

रविवारी सकाळी तिने बाटल्या पुसून ओट्यावर ओळीने मांडल्या आणि बघावं म्हणून एक उघडली. झाकण सरळ छताला जाऊन लागलं. फेस उसळला, ओट्यावरून खाली वाहिला. ताई हरखून गेली. फडकं घेऊन पुसायला वाकली आणि तशीच थांबली.

वास आला होता. आल्याचा होता, लिंबाचा होता, आणि त्या दोघांच्या मागे आणखी एक होता.

तिने चमचाभर घेऊन चाखलं. गोडी फारशी उरलीच नव्हती. जिभेला तिखट लागलं आणि मग छातीतून खाली ऊब उतरत गेली. आल्याची ऊब, ती स्वतःशी म्हणाली. आलं उष्णच असतं. मोरीत नवऱ्याने पाणी ओतल्याचा आवाज येत होता. कोंबडी मसाल्यात मुरत होती, भाताचं आधण ठेवायचं होतं. कोपऱ्यावरचं दुकान उघडं होतं. सोडा आणून पूर्वीसारखा पाक करायला फार वेळ लागला नसता. पण मग लोकांना काय सांगायचं? पंधरा दिवस ज्याचा डंका पिटला ते कुठे आहे? दीर काय म्हणेल ते तिला आत्ताच ऐकू येत होतं.

तिने उरलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवल्या. उघडलेली बाटली मोरीत ओतली आणि ओटा दोनदा पुसला.

दुपारी घर भरलं. दीर, जाऊ, नर्सबाई, बारक्या, त्याची बायको, तापातून उठलेली मुलगी. मुलीसाठी ताईने वेगळं सरबत केलं होतं. "तिला तिखट लागेल," असं ती म्हणाली, आणि म्हणताना तिला आपलाच आवाज जरा मोठा वाटला. बाटल्या उघडल्या तशी "आई गं!" "वा वा!" अशी आरडाओरड झाली. दिराने टाळ्या वाजवल्या. "वहिनी, तोफ वाळली!" ताईने सगळ्यांचे ग्लास भरले. बारक्याचा भरताना तिचा हात किंचित थबकला, पण भरला.

बारक्या उभा राहून दोन शब्द बोलला, बसला, आणि त्याने ग्लास तोंडाला लावला. एक घोट घेतला, दुसरा घेतला. मग ग्लास खाली ठेवून तो ताईकडे वळला. अगदी हळू, शेजारच्यालाही ऐकू जाणार नाही असं त्याने विचारलं, "ताई, यात काही आहे का गं?"

तिने नुसतं "थांब, बघते" म्हटलं असतं तरी चाललं असतं. ग्लास उचलून नेला असता तरी चाललं असतं. पण सगळे तिच्याकडे बघत होते, खूश होते, आणि ती मोठ्याने म्हणाली, "काही म्हणजे? आलं आहे, लिंबू आहे, साखर आहे!" मग सगळ्यांकडे बघून, "ऐका हो, आमच्या बारक्याला आता आल्यातसुद्धा दारू दिसायला लागली!"

हशा झाला. दीर तर टेबलावर थापा मारून हसला. नर्सबाई हसल्या, ताईचा नवरा हसला. बारक्याची बायको हसली नाही. बारक्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्याने ग्लासाकडे पाहिलं, तो उचलला आणि उरलेलं सगळं एका दमात पिऊन टाकलं.

"छान झालंय, ताई," तो म्हणाला.

जेवण झाल्यावर फळं कापायची होती, पण ती तिघं थांबली नाहीत. मुलीला अजून अशक्तपणा आहे, असं बायको म्हणाली. बारक्याने दारात चपला घालताना ताईकडे पाहिलं नाही.

सोमवारी ताई उरलेली एक बाटली लाँड्रीत घेऊन गेली. आचारी कोट न्यायला आला तेव्हा तिने ती त्याच्यापुढे ठेवली. का ठेवली, ते तिलाही सांगता आलं नसतं. तो काही वाईट बोलणार नाही, अशी आशा असेल. आचाऱ्याने घोट घेतला, तोंडात घोळवला आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

"किती दिवस बाहेर होती?"

ताईने सांगितलं. कुठे होती तेही सांगितलं.

"बॉयलरजवळ!" तो खदखदून हसला. "मग बरोबर. अहो, हे जिंजर एल कुठलं राहिलंय, ही बीअर झाली. हलकी आहे, पण आहे. तरी झक्क जमलीय हां, ताई. हॉटेलात विकली तर लोक रांग लावतील." त्याने उरलेली बाटली मागून घेतली आणि मनापासून कौतुक करत निघून गेला.

आतून इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज येत होता. समोर एक बाई शर्टांचं गाठोडं सोडून उभी होती आणि डाग कुठे आहे ते दाखवत होती. ताई डागाकडे बघत होती, पण तिला काही दिसत नव्हतं.

त्या दिवशी तिने बारक्याला फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी नंबर काढला आणि बंद केला. तो कामावर असेल, उंचावर असेल, फोनने दचकेल. संध्याकाळी वाटलं, आता जेवत असतील. एकदा तर तिने स्वतःला समजावलं की एका ग्लासाने काय होतंय, उगाच सांगून त्याच्या डोक्यात किडा कशाला सोडायचा. हे पटलं तेव्हा तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच जास्त लाज वाटली.

आठवडा संपता संपता बारक्याची बायको लाँड्रीत आली. हातात कपडे नव्हते. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. ती काउंटरसमोर उभी राहिली आणि पर्स दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "ताई, यांना कामावरून खाली आणलंय."

"खाली म्हणजे?"

"स्टोअरमध्ये. सुटे भाग मोजायला. तुकडी दुसऱ्याकडे दिली." ती शांतपणे सांगत होती, बरंच रडून झाल्यावर माणूस बोलतो तशी. "त्या रविवारी आम्ही तुमच्याकडून निघालो ते हे सरळ हॉलमध्ये गेले. सगळ्यांसमोर उभं राहून म्हणाले, आज माझ्या पोटात दारू गेली. दुसऱ्या दिवशी साहेबांनाही सांगितलं. यांच्या कामात नियमच आहे तसा. थेंब जरी घेतला तरी सांगायचं, आणि डॉक्टर लिहून देईपर्यंत वर चढायचं नाही."

"पण त्याने मुद्दाम घेतली नव्हती ना! सांगायची काय गरज होती?"

"मीही तेच म्हटलं. म्हणाले, पहिला घोट चुकून होता. दुसऱ्या घोटाला मला कळलं होतं. तरी मी ग्लास संपवला." मग म्हणाली, "कोणी दिली, ते नाही सांगितलं कुणाला. एका ठिकाणी प्यायलो, म्हणाले, कळल्यावर थांबायला हवं होतं, थांबलो नाही."

ताईने काउंटरवरच्या पिना गोळा करून डबीत टाकायला घेतल्या.

"ताई, मी भांडायला नाही आले. एकच विचारते. तुम्हाला माहीत होतं का?"

"नाही गं!" ताई म्हणाली. शब्द तोंडातून इतके झटकन निघाले, की जणू ते तिथे तयारच होते. "मला काय माहीत असणार? मला माहीत असतं तर..."

"तेच म्हणाले हे," भावजय म्हणाली. तिचा चेहरा सैल झाला, तिने पहिल्यांदाच नीट श्वास घेतला. "म्हणाले, ताईला माहीत असतं तर तिने मोरीत ओतलं असतं."

ती गेली. ताई मागच्या खोलीत गेली आणि बॉयलरजवळच्या स्टुलावर बसली. फळीवर बाटल्यांच्या बुडांचे चिकट गोल उमटलेले होते. इस्त्रीवाले काका काहीतरी विचारायला आत आले, तिचं तोंड बघून न विचारताच परत गेले. थोड्या वेळाने बाहेरून त्यांचाच आवाज आला, "ताई जरा कामात आहेत, पावती माझ्याकडे द्या." ते ऐकून तिला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा घेऊन ती बारक्याच्या कंपनीत गेली. साहेब म्हणजे एक थकलेला, मध्यमवयीन माणूस निघाला. टेबलावर कसलेसे दातेरी भाग पडलेले. ताई उभ्यानेच बोलायला लागली. चूक माझी आहे, मी दिलं, त्याचा काही दोष नाही, त्याला त्याचं काम परत द्या.

साहेबाने ऐकून घेतलं. "बसा बाई. चूक कोणाची, ते आम्ही विचारलेलंच नाही. उद्या तुम्ही लिहून दिलंत तरी डॉक्टरांचा कागद आल्याशिवाय मी त्याला वर चढवू शकत नाही." मग त्याचा सूर जरा मऊ झाला. "तुमच्या भावाने आपणहून सांगितलं म्हणून नोकरी तरी आहे. मी या धंद्यात बरेच बघितलेत. आपणहून कोणी सांगत नाही."

ताईला वाटलं होतं, आपण जाऊन सगळा दोष अंगावर घेतला की गाडी रुळावर येईल. इथे तो दोष कुणाला नकोच होता.

स्टोअर तळघरात होतं. लोखंडी मांडण्या, तेलाचा वास, पिवळा दिवा. बारक्या एका खोक्यासमोर पाय पसरून बसला होता आणि लिफ्टच्या दाराची चाकं तपासून वेगळी करत होता. एक चाक बोटावर फिरवायचा, कानाशी न्यायचा, डाव्या नाहीतर उजव्या ढिगात ठेवायचा. तिला बघून तो उठला.

"ताई? तू इथे कशी? घरी सगळं..."

"घरी सगळं ठीक आहे. बस तू."

तो बसला. तिला बसायला जागा नव्हती. ती मांडणीला धरून उभी राहिली. येताना बसमध्ये तिने बरंच काही जुळवलं होतं. आचारी असं म्हणाला, बॉयलरची ऊब, तुझ्या लेकीचा ताप, जेवण पुढे गेलं. त्यातलं एकही वाक्य तिला आता बोलावंसं वाटेना.

"मला सकाळीच वास आला होता," ती म्हणाली.

बारक्याने हातातलं चाक थांबवलं.

"एक बाटली उघडली होती. वास आला. चाखून पण बघितलं. मला कळलं होतं, बारक्या. तुझ्या बायकोला मी काल नाही म्हणाले. खोटं बोलले."

वर कुठेतरी मोटर सुरू झाली आणि बंद झाली.

"मला वाटलं, एवढ्या लोकांना सांगून बसले. आता काय..."

"मी तुला विचारलं होतं," तो म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणून तिला तो जास्त लागला. "सगळ्यांसमोर विचारलं नाही, तुझ्या कानात विचारलं. किती लाज वाटते असं विचारायला, माहितीय तुला? प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक ग्लासाला? तुझ्याकडे मी कधी विचारत नव्हतो. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं."

"हो."

"आणि तू हसलीस."

"हो."

"तू हसलीस म्हणून मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय. म्हणून प्यायलो." मग मान हलवून म्हणाला, "नाही. तेही खरं नाही. मला कळलं होतं. प्यावंसं वाटलं म्हणून प्यायलो. ते माझं मी बघीन. पण तुझं हसणं, ताई, ते मी कुठे ठेवू?"

ताईने तोंडाला पदर लावला. तो उठून तिला जवळ घेईल असं तिला वाटलं, लहानपणापासून तो तसाच होता. पण तो उठला नाही.

"तू आता जा," तो म्हणाला. "आणि थोडे दिवस येऊ नको. फोनही नको करू. मला राग आलाय, तो जाऊ दे आधी."

ती जिना चढून वर आली. रस्त्यात लख्ख ऊन होतं. माणसं जेवणाच्या सुट्टीत खात-बोलत चालली होती. आपल्या कपाळावर काही लिहिलं असतं तर ही माणसं बाजूला झाली असती, असं तिला वाटलं, आणि तसं काही लिहिलेलं नाही याचाही तिला दिलासा वाटला नाही.

त्याच संध्याकाळी तिने भावजयीला फोन केला. "काल मी तुला खोटं सांगितलं," म्हणाली, आणि खरं ते सांगितलं. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

बरणी तिने रिकामी केली. नवऱ्याला तिने सगळं सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मीही हसलो होतो." आणि मग दोघंही भाजी निवडत बसले.

महिना-सव्वा महिना गेला. जाऊबाईंच्या घरी जेवण होतं, जवळजवळ तीच माणसं. बारक्याची मंडळी येणार नव्हती. बोलता बोलता दीर म्हणाला, "वहिनी, तुमची तोफ आणली नाहीत? बारक्या नाहीये, आज बिनधास्त उडवता आली असती!"

कुणीतरी हसलं. ताई भात वाढत होती. तिने भांडं खाली ठेवलं.

"त्यात दारू होती," ती म्हणाली. "बारक्याला कळलं ते बरोबर होतं. मला सकाळपासून माहीत होतं, आणि तरी मी त्याची तुम्हा सगळ्यांसमोर टिंगल केली. त्यापायी त्याचं वरचं काम गेलंय. तुम्ही सगळे तेव्हा हसलात ते माझ्यामुळे हसलात. म्हणून तुमच्याच समोर सांगते."

जाऊबाई म्हणाल्या, "अगं, असू दे, मुद्दाम का केलंस तू." नर्सबाईंनी मान खाली घातली. दिराने पाण्याचा ग्लास उचलला, परत ठेवला. ताईचे गाल जळत होते. उठून निघून जावंसं वाटत होतं, पण तिने भांडं उचललं आणि उरलेल्या ताटांत भात वाढला. कुणालाच भूक उरली नव्हती. तरी सगळे जेवले.

हे बारक्याच्या कानावर गेलं असणार, कारण दीर त्याला भेटून आला होता. काय बोलणं झालं ते दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही. पुढे डॉक्टरांचा कागद आला, बारक्या परत वर चढायला लागला. तुकडी मात्र दुसऱ्याकडेच राहिली. तो जुन्याच जागी, कुणाच्या तरी हाताखाली.

आणि एका रविवारी सकाळी भावजयीचा फोन आला. "दुपारी घरी आहात का? हे म्हणताहेत, येऊ या."

ताईने घर तीनदा झाडलं. ती तिघं आली. मुलगी धावत आत गेली. बारक्याने दारात वाकून चपला काढल्या. त्याच्या काखेत घरून भरून आणलेली पाण्याची बाटली होती. जेवायला बसताना ती त्याने आपल्या ताटाशेजारी ठेवली. ताईने त्याच्यासमोर मांडलेला ग्लास उचलला आणि आत नेऊन ठेवला. परत आली तेव्हा तो मुलीच्या ताटातल्या मासळीच्या तुकडीतले काटे काढत होता.

"आणखी भात वाढ गं, ताई," तो म्हणाला.

तिने वाढला. नेहमीपेक्षा थोडा कमीच वाढला. हवा असेल तर तो आणखी मागेल, असं तिला वाटलं.

त्यानंतरही तो येत राहिला आणि दर वेळी आपली बाटली घेऊन येत राहिला. नवीन माणूस कुणी जेवायला असलं आणि त्याने बाटलीबद्दल विचारलं, तर बारक्या हसून म्हणायचा, सवय आहे. ताई त्या वेळी खाली बघायची नाही. बघावंसं वाटायचं, पण बघायची नाही.